बारावी झाली, आता कॉलेज? दिव्यांग विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न आणि सीनिअर दिव्यांग विद्यार्थ्यांची उत्तरं

हे नेमकं कोण सांगतंय?

पुण्यातल्या वेगवेगळ्या कॉलेजांत आणि विद्यापीठात शिकणारी आम्ही काही दिव्यांग पोरं-पोरी. कुणी कुबड्या घेऊन चालतं, कुणाच्या कानात यंत्र आहे, दोघं व्हीलचेअरवर असतात, एकाला डिस्लेक्सिया आहे. उत्तरं लिहिणारी मी दृष्टिहीन आहे. माढा तालुक्यातली, सध्या राज्यशास्त्रात एम.ए. करते.

बारावीचा निकाल लागला की आमचे फोन वाजायला लागतात. बहुतेक रात्री दहानंतर, कारण घरचे झोपल्याशिवाय यातले अर्धे प्रश्न विचारताच येत नाहीत. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

सरकारी कागदावर 'दिव्यांग' लिहितात, म्हणून इथेही तेच लिहिलंय. आपापसात आम्ही सरळ आंधळी, लंगडा, बहिरा म्हणतो आणि हसतो. ती मुभा बाहेरच्यांना नाही.

मेंटर म्हणजे काय? तुम्ही माझ्यासाठी काय करणार?

'मेंटर' हा शब्द कॉलेजच्या बोर्डावर शोभतो. आमच्यात ताई-दादाच चालतं. तुला एक ताई किंवा दादा जोडून दिला जातो. प्रवेशाच्या धावपळीपासून पहिल्या सत्राची परीक्षा संपेपर्यंत तो तुझा माणूस. फोनवर बोलायचं, जमलं तर एकदा कॉलेजात सोबत फिरायचं, अर्जाचा मसुदा वाचून द्यायचा, परीक्षेआधी लेखनिकाबरोबर (म्हणजे तू सांगशील ते पेपरात लिहिणाऱ्याबरोबर) सराव करून घ्यायचा, असलं काम.

जोडी लावताना शाखेपेक्षा अपंगत्व जुळतंय का हे आम्ही आधी बघतो. कॉमर्सचा अभ्यास कुणीही सांगेल. पण गर्दीच्या कॉरिडॉरमध्ये काठी कशी धरायची, हे डोळस टॉपरला सांगता येत नाही. मुलीला मुलगीच हवी असेल तर तसं सांग, कारण विचारणार नाही.

आम्ही तुझा फॉर्म भरून देत नाही, शेजारी बसून भरायला लावतो. ओटीपी, पासवर्ड, बँकेचा तपशील मागत नाही. आमच्या नावानं कुणी मागितला तर देऊ नकोस. पैसे घेत नाही. आणि आम्ही समुपदेशक नाही. मन फारच खचलं असेल तर ऐकून घेऊ, पण पुढचं काम त्यातल्या जाणकाराचं आहे, आणि तिथवर सोबत येऊ.

प्रमाणपत्र आहे, पण त्यावर ४० टक्क्यांपेक्षा कमी लिहिलंय. मग मला काहीच मिळणार नाही का?

आरक्षण मिळणार नाही, पण बाकीचं बरंच मिळू शकतं. या दोन गोष्टींची गल्लत खुद्द कॉलेजातले क्लार्कही करतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा. १९९५च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, अॅसिड हल्ल्यातून वाचलेले, असे बरेच जण त्यात आले. ज्यांची टक्केवारी ४० किंवा जास्त, त्यांच्यासाठी सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात, आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट मिळते.

पण 'वाजवी सोय' (म्हणजे तुझ्या अडचणीप्रमाणे करून द्यायचा बदल) नावाची दुसरी गोष्ट याच कायद्यात आहे, आणि ती टक्केवारीवर अडत नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच सांगितलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, टक्केवारीत तो बसत नव्हता, तरी लेखनिक त्याचा हक्क ठरला. त्यानंतर २०२२मध्ये केंद्रानं ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा ३५ टक्क्यांचं प्रमाणपत्र कपाटात कोंबून ठेवू नकोस.

यूडीआयडी कार्ड आधी काढू की प्रवेश झाल्यावर?

आधी. आजच. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा आणि तपासणीला बहुधा जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये जायचं. तारीख लांबते, डॉक्टर त्या दिवशी नसतात, मशिन बंद असतं. माझ्या वेळी तीन खेपा झाल्या, आणि तिसऱ्या खेपेला बाबांनी मळणी सोडून यावं लागलं. जुनं प्रमाणपत्र 'तात्पुरतं' असेल तर त्याची मुदत बघ. ऐन प्रवेशफेरीत मुदत संपलेली निघाली, असं आमच्यातल्या दोघांचं झालंय.

मी ओबीसी आहे आणि दिव्यांगही. दोन्ही लावता येतं का?

येतं. दिव्यांगांचं आरक्षण समांतर आहे, म्हणजे ते तुझ्या सामाजिक प्रवर्गाला आडवं छेदून जातं. दोन्हीची कागदपत्रं जोड. जातपडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर विसरू नकोस. अपंगत्वाच्या नादात तेच राहून जातं.

कोट्यातून आलो म्हणून वर्गात कमी लेखतील का?

काही जण लेखतील. कोटा न घेताही लेखणारे लेखतातच, तेव्हा जागा सोडून हाती काही लागत नाही.

कॉलेज निवडताना काय बघायचं?

वेबसाइटवर रॅम्पचा फोटो असतो. फोटोवर जाऊ नकोस, स्वतः जा. आणि सुट्टीच्या दिवशी नाही, चालू कॉलेजात सकाळी अकराला जा.

आमच्यातला व्हीलचेअरवरचा दादा एका कॉलेजात गेला तेव्हा रॅम्प होता, अगदी नवा, पिवळे कठडे लावलेला. वर पोचल्यावर कळलं की दाराला साखळी आणि कुलूप आहे. किल्ली शिपाईमामांकडे, मामा चहाला. वीस मिनिटं हा रॅम्पच्या टोकावर उन्हात. मामा आले तेव्हा म्हणाले, "आधी फोन करायचा ना." तेव्हापासून तो प्रत्येक नव्या मुलाला सांगतो: रॅम्प आहे का हे विचारू नकोस, किल्ली कुणाकडे असते ते विचार.

मग टॉयलेट. हा प्रश्न लाजून कुणी विचारत नाही आणि नंतर तीन वर्षं सकाळपासून पाणी न पिता काढतात. आमच्यातल्या एका मुलीला त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आणि तिचं एक सत्र बुडालं. तेव्हा स्वतः आत जाऊन बघ. दार किती रुंद आहे, खुर्ची आत वळते का, कमोड आहे की भारतीय, धरायला दांडा आहे का, आणि ते टॉयलेट स्टोअररूम झालेलं नाही ना. झाडू, बादल्या, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, सगळं बघितलंय आम्ही तिथं.

लिफ्ट असेल तर ती विद्यार्थ्यांना वापरू देतात का ते विचार. तुझ्या विषयाचे वर्ग कितव्या मजल्यावर भरतात ते विचार. वर्ग तळमजल्यावर आणायला सांगणं ही वाजवी मागणी आहे. कॉलेजं ती मान्यही करतात, फक्त वेळापत्रक लागण्याआधी सांगावं लागतं. वेळापत्रक लागल्यावर मागितलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या.

कॉलेजात 'समान संधी कक्ष' आहे का हेही विचार. नुसता कक्ष असून भागत नाही, त्याचं काम बघणाऱ्या सरांचं किंवा मॅडमचं नाव ऑफिसातल्या माणसाला पटकन सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर कक्ष दारावरच्या पाटीपुरता आहे असं समज.

मला सायन्सला जायचंय. सगळे आर्ट्स घे म्हणतात.

'तुला आर्ट्सच बरं' हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. मी आर्ट्स घेतलं ते आवडीनं, पण ही सक्ती असती तर मी भांडले असते.

अडचण खरी आहे: प्रयोगशाळेतले उंच ओटे, आकृत्या, वाचता न येणारी उपकरणं. पण त्यातली बरीचशी सोडवता येण्यासारखी आहे. दिल्लीचा कार्तिक साहनी दृष्टिहीन. सीबीएसईशी झगडून सायन्स घेतलं, बारावीला ९६ टक्के मिळवले. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत त्याला हव्या त्या सोयी मिळाल्या नाहीत, आणि तो स्टॅनफर्डला पूर्ण शिष्यवृत्तीवर कम्प्युटर सायन्स शिकायला गेला. आज आयआयटीत प्रवेश मिळालेल्या दिव्यांगांना शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे.

मेडिकलचं चित्र अलीकडेच बदललंय. ऑक्टोबर २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसती टक्केवारी बघून एमबीबीएसला अपात्र ठरवता येणार नाही, तो मुलगा हा अभ्यासक्रम प्रत्यक्ष करू शकतो का हे मंडळानं तपासायला हवं. त्याला बोलण्याचा दोष होता, ४४-४५ टक्के. फेब्रुवारी २०२५मध्ये तर 'दोन्ही हात शाबूत हवेत' ही अटच न्यायालयानं चुकीची ठरवली. वाट अजून खडबडीत आहे, पण 'नियमातच नाही' असं कुणी तोंडावर म्हणालं तर गप्प बसायचं कारण नाही.

लेखनिक कुठून आणायचा?

सगळ्यात जास्त रडारड या एका गोष्टीवरून होते.

आधी तत्त्व. लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त. लेखनिक नको असेल तरी जादा वेळ मागता येतो. शिक्षणाची अट, कागद, कोणाची सही, हे विद्यापीठागणिक आणि परीक्षेगणिक बदलतं, म्हणून परीक्षा विभागाचं चालू परिपत्रक हातात घेऊनच बोल. 'मागच्या वर्षी चाललं होतं' हा मुद्दा खिडकीपलीकडे कुणी ऐकत नाही.

अर्ज सत्र सुरू होताच दे. पोच घे. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख. "ठेवा इथं, बघतो" ही पोच नव्हे.

आता माणूस. पहिल्या वर्षी माझी लेखनिक मावसबहीण होती. अक्षर मोत्यासारखं, पण पेपरच्या आधी आम्ही एकदाही एकत्र बसलो नव्हतो. मी सांगत गेले, "फाझल अली आयोगानं १९५५मध्ये अहवाल दिला, स्वल्पविराम, त्यानंतर..." आणि ती बिचारी 'स्वल्पविराम' असं अक्षरी लिहीत गेली. दीड पानानंतर लक्षात आलं. मग खाडाखोड, मग तिला रडू, मग मला हसू. म्हणून आता नियम आहे: निदान तीन सराव पेपर एकत्र. खुणा आधी ठरवायच्या. 'थांब' म्हणजे पूर्णविराम, 'खाली' म्हणजे नवा परिच्छेद. लेखनिकानं प्रश्न दोनदा वाचायचा, घाईत नाही. शेवटची पंधरा मिनिटं लिहिलेलं वाचून दाखवायला राखायची.

आणि दुसरा माणूस हाताशी ठेव. पेपरच्या सकाळी लेखनिकाला ताप येतो, त्याची एसटी चुकते. आमच्या यादीत पहिल्या-दुसऱ्या वर्षाची बरीच मुलं आहेत जी लिहायला येतात. त्यांना चहा पाज, रिक्षाचं भाडं दे.

पुस्तकं वाचायची कशी? नोट्स?

स्क्रीन रीडरनं, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरनं: मोबाइलवर टॉकबॅक, कम्प्युटरवर एनव्हीडीए. एनव्हीडीए फुकट आहे. दोन ऑस्ट्रेलियन दृष्टिहीन तरुणांनी २००६च्या सुमारास ते सुरू केलं, आणि ते मराठीही वाचतं. आवाज पहिले आठ दिवस यंत्रमानव चिडल्यासारखा वाटतो, मग सवय होते. मी आता इतक्या वेगानं ऐकते की रूममेटला वाटतं टेप बिघडली.

खरी गोम नोट्समध्ये आहे. सर प्रेमानं पीडीएफ पाठवतात आणि ती असते जुन्या श्रीलिपी नाहीतर कृतिदेव फॉन्टमध्ये. डोळ्यांना मराठी दिसतं, स्क्रीन रीडरला मात्र नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं सापडतात. तो 'एक्स, कंस, डॉलर' असं वाचत बसतो. सरांना काय सांगायचं: "सर, युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल द्याल का? नसेल तर वर्डची मूळ फाइल तरी द्या, मी रूपांतर करून घेते." दहातले सात जण देतात, अनुभव आहे.

सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६मध्ये सुरू झालं. छापील अक्षर वाचता न येणाऱ्यांना तिथं सदस्य होता येतं. पुस्तक स्कॅन करून वाचणं चोरी आहे का, असं एकानं विचारलं होतं. नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदाच दिव्यांगांसाठी तशी परवानगी देतो. मुंबईत असशील तर सेंट झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३पासून हेच काम करतंय.

मला कमी ऐकू येतं. लेक्चर कसं समजणार?

हे उत्तर आमच्यातल्या श्रवणयंत्रवाल्या दादानं सांगितलं, मी फक्त टाइप केलं.

"पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बस, म्हणजे सरांच्या तोंडावर उजेड पडतो आणि ओठ दिसतात. सर फळ्याकडे तोंड करून बोलले की माझं लेक्चर संपलं. पहिल्याच आठवड्यात एकटं भेटून सांगायचं, चारचौघांत टोकायचं नाही. मोबाइलवर बोललेलं अक्षरांत उमटवणारी अॅप मराठीतही चालतात. पंख्याखाली आणि गोंगाटात ती वाट्टेल ते लिहितात. एकदा 'लोकसभा'चं 'लोक सगळा' केलं होतं. म्हणून शेजारच्याची वही लागतेच. सांकेतिक भाषेचा दुभाषा वर्गात मिळणं आजही फार अवघड आहे. मागणी मात्र लेखी कर, कारण कुणी मागतच नाही असं उत्तर पुढच्याला मिळायला नको."

माझा त्रास बाहेरून दिसत नाही. सांगू की नको?

डिस्लेक्सिया, बायपोलर, अपस्मार असलेल्यांचा हा प्रश्न. वर्गाला सांगायची काहीच गरज नाही. सोय हवी असेल तर ऑफिसला सांगावं लागेल, कागदासह. अपस्मार असेल तर जवळच्या एका मित्राला, झटका आल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही, एवढं सांगून ठेव. कांदा-चप्पल घेऊन धावणारे अजून आहेत.

खर्च कसा भागवायचा?

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर दिव्यांगांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाला असशील तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) 'सक्षम' शिष्यवृत्ती बघ. वर्षाला ५० हजार, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. पैसे उशिरा येतात हे गृहीत धरूनच वर्षाचा हिशेब मांड. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर येतच नाहीत. साध्या एसटीत ७५ टक्के सवलत आहे, त्यासाठी कार्ड जवळ ठेव.

(आईबाबांचा प्रश्न) मुलीला एकटीला शहरात कसं पाठवायचं?

काका, काकू, तुमची काळजी खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. माझी आई पहिला महिनाभर माझ्याबरोबर पुण्यात खोली घेऊन राहिली. दुसऱ्या महिन्यात ती मला रस्त्यापलीकडून, मला न सांगता, बसमध्ये चढताना बघायची. हे मला वर्षभरानं कळलं. तिसऱ्या महिन्यात ती गावी गेली, कारण म्हैस व्याली होती.

तुम्ही असं करा: एक आठवडा सोबत या. होस्टेल ते वर्ग, वर्ग ते मेस, मेस ते मेडिकल, एवढेच रस्ते तिला पायाखाली घालू द्या. हात तुम्ही धरू नका, तिला तुमचं कोपर धरू द्या. दृष्टिहीन माणूस असाच चालतो. रेक्टर मॅडमना भेटा. आमच्यातल्या एखादीच्या आईशी बोलायचं असेल तर फोन लावून देतो. आई आईशी जे बोलते ते आम्हाला जमत नाही.

एक विनंती. कॉलेजच्या खिडकीवर तिच्या वतीनं बोलू नका. क्लार्क तुमच्याकडे बघून विचारेल, "हिला कुठला विषय हवाय?" तुम्ही तिच्याकडे बघा.

कॉलेजनं नाही म्हटलं तर?

तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही. "हे लेखी द्याल का?" एवढंच शांतपणे विचार. निम्मी कामं इथंच होतात. नाहीच झालं तर प्राचार्यांना अर्ज, सरकारी संस्थेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा त्याच्याकडे, विद्यापीठाकडे, आणि शेवटी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. मसुदा आम्ही बघून देऊ, सही तुझी.

तुम्ही सगळे हुशार. मी साधा आहे, ५२ टक्क्यांचा.

आमच्यातल्या एकाचे अकाउंट्सचे दोन विषय राहिलेत. एकीनं इंजिनिअरिंग सोडून बी.ए. धरलं. मी पहिल्या सत्रात इंग्रजीत काठावर पास झाले.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं नाव तुला शाळेच्या कार्यक्रमात ऐकवलं असेल. दृष्टिहीन, आयएएस. भाषणात काय गाळतात ते सांगते. आधीच्या प्रयत्नात त्यांचा ७७३वा क्रमांक आला होता, आणि दिसत नाही म्हणून रेल्वेनं नोकरी नाकारली होती. पुन्हा परीक्षा देऊन १२४व्या आल्या. त्याआधीची कॉलेजची वर्षं त्या उल्हासनगर ते सीएसटी लोकलनं ये-जा करायच्या. मला त्यांच्या आयएएसपेक्षा त्या लोकलचं जास्त अप्रूप वाटतं. कारण कलेक्टर तू होशील की नाही कोण जाणे, पण गर्दीतून रोज कॉलेजात पोचणं तुला सोमवारपासून करायचंय.

'प्रेरणादायी' म्हणून स्टेजवर उभं करून शाल द्यायला कुणी आलं तर घे. शाल थंडीत उपयोगी पडते. पण त्याच माणसाला ग्रंथालयातला स्क्रीन रीडर कधी बसवणार तेही विचार.

मित्र होतील का?

होतील, पण दुसऱ्या महिन्यात. पहिल्या महिन्यात मदत करणारे भेटतात, ते वेगळे. जो तुझ्याकडून वीस रुपये उसने घेऊन परत द्यायला विसरतो, तो मित्र.

पहिल्या दिवशी सोबत कुणी येईल का?

येईल. आदल्या रात्री फोन कर, कुठल्या बसनं येतेस किंवा येतोस ते सांग. पाण्याची बाटली, चार्जर, यूडीआयडीच्या तीन झेरॉक्स आण. आणि मुख्य गेटला उतरू नकोस, तिथं सात पायऱ्या आहेत. पार्किंगच्या बाजूच्या लहान गेटला ये. किल्ली आम्ही मामांकडून आधीच घेऊन ठेवतो.